दंतवैद्यकाचे प्रात्यक्षिक पडद्यावरून शिकवता येते काय?

धागाप्रवर्तक (दंतमहाविद्यालयातील शिक्षिका)
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमची ओपीडी एका दिवसात ओस पडली. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) पाण्यासोबत रुग्णाची लाळही हवेत उडवतो, त्यामुळे मे महिन्यात आलेल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत रेड झोनमध्ये केवळ तातडीच्या उपचारांना मुभा होती. शिकाऊ हातांना रुग्ण मिळण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि आम्ही सगळे झूमवर गेलो. ती सोय आता कायम ठेवावी, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. व्याख्याने खुशाल ठेवा, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एक्स-रे) वाचणे तर पडद्यावर अधिक चांगले शिकवता येते. प्रात्यक्षिकांना मात्र माझा विरोध आहे. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने त्या काळात आंघोळीच्या साबणातून खालची पहिली दाढ कोरून कॅमेऱ्यासमोर धरली होती. पाचही कस्प (दाढेचे उंचवटे) जागच्या जागी दिसले, म्हणून मी शाबासकी दिली. महाविद्यालय उघडल्यावर तीच दाढ हातात घेऊन फिरवली, तेव्हा जिभेकडे असायला हवा तो कल तिच्यात नव्हताच.

प्रतिसाद १ (दंतवैद्य, सांगली, तेव्हा तृतीय वर्षात)
मॅडम, आपला अनुभव मान्य आहे, पण त्याआधी सारे आलबेल होते असे सुचवू नये. एका खुर्चीभोवती आम्ही वीसजण उभे राहायचो आणि मागच्या रांगेतल्यांना डेमोमध्ये सरांचे कोपर तेवढे दिसायचे. दोन दातांच्या मधली पोकळी भरताना मॅट्रिक्स बँडच्या (भराव आकारात ठेवणाऱ्या पातळ पट्टीच्या) बुडाशी पाचर नेमकी कोठून सारायची, हे मला टाळेबंदीतल्या व्हिडिओने शिकवले, कारण तो मी थांबवून थांबवून दहा वेळा पाहू शकलो. कोट्याच्या केसेसचे (प्रत्येकाने पूर्ण करायच्या ठरावीक रुग्णसंख्येचे) म्हणाल, तर एकच रुग्ण दोघांच्या जर्नलात नोंदला जाणे हा काही करोनाने लावलेला शोध नव्हे.

धागाप्रवर्तक
कोपराची तक्रार रास्त आहे. खुर्चीवर कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर डेमो दाखवणे आम्ही केव्हाच सुरू करायला हवे होते. परंतु पाहणे आणि करणे यांत फरक आहे. स्पून एक्सकॅव्हेटरखाली (कीड खरवडण्याच्या चमच्यासारख्या हत्याराखाली) किडलेले डेंटिन (दाताच्या कठीण आवरणाखालचा थर) पापुद्र्यांसारखे सुटते, निरोगी डेंटिनवर तेच हत्यार खरखरते, आणि कोठे थांबायचे हे बोटांना त्या खरखरीवरून कळते. ती व्हिडिओत येत नाही.

प्रतिसाद २ (पदव्युत्तर विद्यार्थी)
याच अडचणीवर हॅप्टिक (हाताला स्पर्शाचा भास देणारा) सिम्युलेटर हा उपाय आहे. अॅमस्टरडॅमच्या दंतशिक्षण केंद्राच्या सहभागाने विकसित झालेल्या सिमोडॉन्टमध्ये आभासी दात कोरताना एनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) आणि डेंटिन यांचा विरोध हाताला वेगवेगळा जाणवतो. टाइपोडॉन्टचे (सरावाच्या कृत्रिम जबड्याचे) प्लॅस्टिकचे दात आतून-बाहेरून एकसारखेच लागतात, त्यांचे समर्थन आपण किती काळ करणार?

प्रतिसाद १
शंभर जणांच्या वर्गाला असे एक महागडे यंत्र म्हणजे पुन्हा तीच रांग. फॅन्टम हेड (सरावाचे कृत्रिम डोके) निदान प्रत्येकाच्या वाट्याला येते. शिवाय यंत्राला जीभ नाही, लाळ नाही आणि भीतीही नाही. इंटर्नशिपमध्ये मी पहिली दाढ काढत असताना आजोबांनी माझे मनगट घट्ट धरले होते. त्या क्षणी त्यांना धीर द्यायचा की फोरसेप्स सांभाळायचा, हे मला कोणत्याही व्हिडिओने सांगितले नव्हते. मॅडम, एवढ्यापुरता मी आपल्या बाजूला आहे.

धागाप्रवर्तक
मग आपल्या तुकडीचे हुकलेले तास भरून काढण्यासाठी इंटर्नशिप सहा महिने वाढवली असती, तर चालले असते?

प्रतिसाद १
तेव्हा मी कडाडून विरोध केला असता, कारण घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते. पुढे अक्कलदाढेच्या अवघड केसेस वर्षभर मी दुसऱ्यांकडे पाठवत राहिलो, हेही खरे.