रंगभवनची कॅसेट वाचवायची आहे, मदत हवी आहे

मामाच्या माळ्यावर ९० मिनिटांची एक कॅसेट सापडली. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात, आय-रॉक या रॉक संगीत महोत्सवाला त्याने स्वतः रेकॉर्डिंगवाल्या वॉकमनवर टेप केलेली. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही, आणि शांतता क्षेत्रामुळे रंगभवनही कधीच गप्प झालंय.

आपली दमट हवा! टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलीये, आतला फेल्टचा इवलासा तुकडाही गळून पडलाय. आधीची एक कॅसेट दुकानदाराने तशीच वाजवली आणि टेप गुंडाळून बसली, म्हणून हिला हात लावायला धजत नाही.

रीळ दुसऱ्या खोक्यात बसवता येतं का? बुरशी कशाने काढायची? दादर-ठाण्याकडे खात्रीने कॉम्प्युटरवर उतरवून देणारं कोणी?

आवाज खरखरीत असला तरी चालेल. डीप पर्पल या रॉक बँडचं १९७२ चं 'मेड इन जपान' हे लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकल्यापासून मला स्टुडिओतलं सगळंच गुळगुळीत वाटतं.