विषय: बॅन्फची सहल आणि खासदार वेडरबर्न

सप्रेम नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडमधल्या बॅन्फच्या आपल्या सहलीत डफ हाऊस आणि मॅकडफचं बंदर ठरलंच आहे. त्यात अर्धा तास सर विल्यम वेडरबर्न यांच्यासाठी ठेवावा, ही आग्रहाची विनंती. बॅन्फशरचे खासदार रॉबर्ट डफ न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले, जागा रिकामी झाली आणि मार्च १८९३च्या पोटनिवडणुकीत वेडरबर्न लिबरल पक्षातर्फे निवडून आले. पुढे १९०० पर्यंत ते इथले खासदार होते. मतदार म्हणजे हेरिंग पकडणारे कोळी आणि शेतकरी. खासदाराची मात्र उमेदीची सगळी वर्षं मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेलेली, आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १८८९ साली, मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलेलं. आपण इथे इतकी वर्षं राहतो, मुलांना त्यांचं नावही माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

---

काका, नमस्कार.

माणूस भला होता, वाद नाही. पण सात वर्षांत आपल्या पदरात काय पडलं? २ जून १८९३ला सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही घ्यावी असा ठराव ब्रिटिश पार्लमेंटाच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला, आणि सरकारने तो बासनात गुंडाळला. १८९७मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल गोखले विलायतेत जाहीरपणे बोलले. माहिती देणाऱ्यांची नावं उघड करता येईनात, पुरावा उभा राहीना, आणि मुंबईत परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा पार्लमेंटातली ही मित्रमंडळी त्यांना वाचवू शकली नाहीत. मुलांना सांगायचं तर हेही सांगा.

---

ताई,

जरूर सांगू. माफीचा प्रसंग वगळून वेडरबर्न सांगणं मलाही पटणार नाही. पण त्या सभागृहात भारताची बाजू मांडायची म्हणजे काय होतं, तेही सांगायला हवं. भारतमंत्री म्हणजे लंडनमधून भारताचा कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री; त्याचा पगार भारताच्या तिजोरीतून जायचा, त्यामुळे पगारात कपात सुचवून त्याला जाब विचारायची सोय खासदारांना नव्हती. भारताचा जमाखर्च चर्चेला यायचा तो अधिवेशन संपता संपता, रिकाम्या बाकांपुढे. खासदारांना वेतन १९११पर्यंत नव्हतंच. अशा ठिकाणी वेडरबर्न यांनी दादाभाई नौरोजी आणि डब्ल्यू. एस. केन यांना बरोबर घेऊन भारतासाठी संसदीय समिती उभी केली आणि खर्चाच्या चौकशीची मागणी लावून धरली.

त्यातूनच भारताच्या खर्चाची चौकशी करणारं वेल्बी कमिशन आलं. एप्रिल १८९७मध्ये फर्ग्युसनचे प्राध्यापक गोखले त्यापुढे साक्षीला बसले, एकतिशीही पूर्ण झाली नव्हती. लष्कराचा खर्च, विलायतेत जाणारा पैसा, वरच्या जागांवरून आपल्या माणसांना डावलणं, सगळं आकड्यांनिशी मांडलं. समोर सभासदांच्या खुर्च्यांवर वेडरबर्न आणि दादाभाई होते. १९००मध्ये या दोघांनी आणि केन यांनी कमिशनच्या अहवालाला आपलं वेगळं मत जोडलं. ते अल्पमतात गेलं, पण साम्राज्याच्या स्वतःच्या दप्तरात ती साक्ष कायमची नोंदली गेली. मला हे काम मोठं वाटतं.

आणि माफीनंतर वेडरबर्न यांनी गोखल्यांना अंतर दिलं नाही. स्नेह १९१५पर्यंत, गोखले जाईपर्यंत टिकला.

---

काका, हे पटलं. एक भर घालते. माझं माहेर सासवडकडचं. १८७५ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर काही वर्षांनी वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. रानडे पाठीशी होते, व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने मान्यताही दिली. लंडनहून भारतमंत्र्याने ती नाकारली. या माणसाने नोकरी सोडून पार्लमेंट का गाठलं, ते मला इथे कळतं.

तेव्हा सुरुवात पुरंदरपासून करा, कॉमन्स नंतर. प्लेगच्या प्रकरणावर मी दहा मिनिटं बोलेन. बस सकाळी किती वाजता सुटणार, ते सचिवांनी कळवावं.