निळूभाऊ 'राजकारणात पडले नाहीत' म्हणे!

घोंगडी
दर १३ जुलैला हे होतंच. निळू फुले २००९ साली याच तारखेला गेले, त्यामुळे सकाळपासून फोनवर त्यांचे फोटो यायला लागतात. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटोखाली लांबलचक मजकूर होता. सार असं: 'हल्लीचे नट उठसूट राजकारणावर बोलतात. निळूभाऊ बघा. आपलं काम केलं, साधे राहिले, कधी राजकारणात पडले नाहीत.' खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग.

वाचता वाचता चहा गार झाला. अहो, हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आला. कलापथक म्हणजे भजनी मंडळ वाटलं का? वगातून खुर्चीवर बसलेल्यांची टोपी उडवायची, हेच तिथलं काम. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचं आणि उरलेला वेळ सेवा दलाला द्यायचा. 'कथा अकलेच्या कांद्याची'ने नाव झालं, १९६८ला 'एक गाव बारा भानगडी' आला आणि सिनेमाने धरून ठेवलं. पण समाजवादी गोतावळा सुटला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या पाठीशी उभे राहिले. डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, कशासाठी, तर पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून. हे राजकारण नव्हे तर काय हळदीकुंकू?

हार घालायचा तर घाला. पण फोटोतला माणूस तरी तोच राहू द्या.

सरळमार्गी
घोंगडीबुवा, जरा दमानं. राजकारण वेगळं, समाजकारण वेगळं. निवडणुकीला उभे राहिले का? मंत्र्याच्या गाडीत मिरवले का? नाही ना? मग त्या मजकुरात चूक काय? उगाच शब्दाचा कीस.

आणि एक विचारतो. दादा कोंडकेसुद्धा सेवा दलातूनच आले. पुढे त्यांनी शिवसेनेच्या सभा गाजवल्या. त्यांना तुमच्यातला कोणी 'सामाजिक भान असलेला कलावंत' म्हणतो का? तिथे लगेच 'द्वयर्थी, द्वयर्थी'. आपल्या बाजूचा असला की भान, समोरचा असला की भाट.

घोंगडी
दादांचा मुद्दा मान्य. लिहायला जड गेलं, पण मान्य. दादांना राजकीय मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. अगदी हेच मी निळूभाऊंबद्दल म्हणतोय!

तिकीट मागितलं नाही म्हणजे राजकारण नाही, ही कुठली व्याख्या? पु. ल. १९७७ला आणीबाणीविरुद्ध प्रचारसभा घेत फिरले. तिकीट त्यांनीही मागितलं नव्हतं. तेही समाजकारणच का?

मधला_वाडा
मुद्दाम आडनाव सांगून लिहितो. पाटील.

१९९४ला पुण्यात शिकायला आलो. वसतिगृहात पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं आणि एकाने मान तिरकी करून, डोळे बारीक करून तो आवाज काढला. 'वाड्यावर या.' पुढची चार वर्षं माझं नाव तेच. प्रात्यक्षिकाच्या वहीवरसुद्धा कोणीतरी 'वाडा' लिहून ठेवलं होतं. आणि वाडा होता कुठे? पुढच्या दोन खणांचं माळवद खचलेलं, पावसाळ्यात आम्ही ताटं घेऊन गोठ्याच्या कडेला जेवायला बसायचो. वडील सोसायटीचं कर्ज जुनं-नवं करत म्हातारे झाले.

समाजवाद्यांनी पाटीलकी, सहकार आणि साखर कारखाना, सगळं एकाच धोतराला बांधून टाकलं. १९७५ला 'सामना' आला, त्यात निळूभाऊंनी साखरसम्राट हिंदुराव उभा केला आणि प्रत्येक चेअरमन हिंदुराव झाला. आमच्याकडे कारखान्याच्या शाळेत पोरं शिकली, त्याच्यावर कोणी सिनेमा काढला? मुंबईत बसून उसावर लिहायचं आणि...

रिकामटेकडा
वाडेकर, थांबा थांबा. 'सामना' लिहिला तेंडुलकरांनी, ते मुंबईचे, कबूल. पण दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते. ऊस त्यांना खिडकीतून दिसत असणार.

बाकी ते 'वाड्यावर या' नेमकं कुठल्या सिनेमात आहे? मिनिटासकट दाखवा. मी पाच-सहा जणांना विचारून बसलोय, सगळे 'अरे आहे की' म्हणतात आणि पुढे गप्प.

सुईदोरा
वाक्य सिनेमात असो वा नसो, ते आमच्या एस. टी. स्टँडवर होतं.

पाटीलसाहेब, तुम्हाला वसतिगृहात चिडवलं, वाईट झालं. मी नववी-दहावीला रोज तालुक्याला जायचे. स्टँडच्या पानटपरीवर चार-पाच पोरं. आम्ही उतरलो की त्यातला एक घोगरा आवाज काढायचा, 'बाई...' आणि पुढचं बाकीचे पुरं करायचे. आम्ही दप्तर छातीशी धरून चालायचो. माझ्या मैत्रिणीने घरी सांगितलं, तर घरच्यांनी टपरी नाही, तिची शाळा बंद केली.

आता घोंगडीदादांना विचारते. समाजवादी माणूस, सेवा दलातला, फुल्यांचं आडनाव लावणारा. त्याने वर्षानुवर्षं पदराला हात घालणारे सरपंच, सावकार उभे केले आणि त्याचे पैसे घेतले. त्याचं काय? माझी आजी तंबूत सिनेमा बघताना त्यांना बोटं मोडायची, हे कौतुकाने सांगतात सगळे. आजी बोटं मोडत होती. टपरीवरची पोरं मात्र शिकत होती.

मधला_वाडा
बघा! म्हणजे तुम्हीही माझंच म्हणताय. त्या भूमिकांनी नुकसानच केलं.

सुईदोरा
अजिबात तुमचं म्हणत नाही. त्या टपरीवरच्या पोरांत दोघं वाड्यावरचेच होते.

मधला_वाडा
आलं का शेवटी तिथेच! टपरीवर सगळ्या आडनावांची पोरं असतात, पण लक्षात राहणार ते दोघंच. हेच तर सांगतोय मघापासून. एका नटाच्या खांद्यावरून सगळ्या आळीवर बार काढायचा.

सुईदोरा
दोघांची आडनावं लक्षात आहेत कारण त्यांच्या घरच्यांनीच नंतर माझ्या वडिलांना 'पोरीला नीट वळण लावा' म्हणून निरोप धाडला होता. तुम्ही तिथे नव्हता. तुमचं माळवद खचलं म्हणून माझा स्टँड पुसला जात नाही.

रिकामटेकडा
कोणीतरी पंखा लावा रे.

सरळमार्गी
पंखा राहू द्या, मला घोंगडींचं ऐकायचंय. बाईंचा प्रश्न टाळलात.

घोंगडी
टाळला नाही, अडलो होतो. नटाने खलनायक इतका खरा करावा की लोकांनी घाबरावं, हे त्याचं काम, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. टपरीवरची पोरं घाबरली नाहीत, हे ताईंचं खरं आहे. तरी एवढं म्हणतो की 'सखाराम बाइंडर'ही त्यांनीच केला आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगूही त्यांनीच केला. पण या दोन्हींची नक्कल कोणी स्टँडवर करत नाही. लोकांनी काय उचललं त्याचा जाब नटाला किती विचारायचा?

सुईदोरा
थोडा तरी. पैसे नटाने घेतले होते, टपरीने नाही.

फाटकी_छत्री
इतका वेळ नुसतं वाचत होतो. पैशांवर आलात म्हणून लिहितो.

माझे वडील एका संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. पूर्णवेळ म्हणजे घरी कधीच नाही. आई ब्लाउज शिवायची, काजी-बटणं मी करायचो. मानधन ठरलेलं होतं, ते एकदा सात महिने आलं नाही. आईने विचारायला लावलं तर वरच्या पुढाऱ्याने वडिलांना त्यागावर अर्धा तास ऐकवलं आणि परतीचं एस. टी. भाडंही दिलं नाही. त्या पुढाऱ्याचा मुलगा तेव्हा अमेरिकेत शिकत होता. त्यामुळे 'त्याग' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कार्यकर्त्याने फुकट राबायचं आणि त्याच्या बायकोने सुईत दोरा ओवत बसायचं (ताई, तुम्हाला नाही), याला चळवळ म्हणतात आपल्याकडे.

म्हणून कृतज्ञता निधीचं मला मोल वाटतं. कार्यकर्त्यालाही पोट असतं हे उघडपणे म्हणणारे तेच. 'लग्नाची बेडी'चा प्रयोग आमच्या जिल्ह्याच्या गावी होता, तेव्हा वडील तिकिटं खपवत होते आणि मी पावतीपुस्तक धरून मागे. किराणा दुकानाचा शेठ चळवळीला दमडी देणाऱ्यातला नव्हता. वडील निधीबद्दल सांगायला लागले, तो तराजूकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'कोण कोण आहे कामात?' वडिलांनी लागूंचं नाव घेतलं, तो 'हं' म्हणाला. निळू फुले म्हटल्यावर मान वर. 'तो डँबीस? प्रत्यक्ष येणार?' आणि घरच्या सगळ्यांची तिकिटं घेतली.

चळवळीतला भला माणूस बघायला तो तिकीट काढत नव्हता. ताई, तुमच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, ठाऊक आहे मला. पण कोणाच्या तरी घरची चूल त्या डँबीस तोंडाच्या जोरावर पेटली, हेही तितकंच खरं.

सुईदोरा
तुमच्या आईंना नमस्कार. हिशोब जुळला असं मात्र मी म्हणणार नाही. माझी मैत्रीण त्यात कुठेच जमा होत नाही. पण खर्चाच्या रकान्यात सगळं त्यांच्याच नावावर लिहीत होते, ते जरा कमी करते.

मधला_वाडा
छान. निळूभाऊंना सूट मिळाली. पाटलांची सुनावणी पुढच्या १३ जुलैला का?

(छत्री, तो सात महिन्यांचा प्रकार वाचून राग आला. आमच्या कारखान्याच्या ऊसबिलाची आठवण झाली. त्यावर मी आता लिहीत नाही, नाहीतर रिकामटेकडा मिनिटं मागेल.)

सरळमार्गी
एवढं सगळं होऊनही माझा मुद्दा जागेवरच आहे. ते पक्षात नव्हते. मजकूर बरोबर होता.

घोंगडी
तुमच्यासाठी ताजी बातमी. मघाशी मी वर लिहिलंय तेच, जरा मऊ करून, आमच्या ग्रुपवर टाकलं. सेवा दल, अंनिस, निधी, सगळं. दहा मिनिटांत अ‍ॅडमिनने उडवलं. खाली सूचना: 'ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नये.'

सरळमार्गी
योग्यच केलं त्याने.