मदत हवी आहे: मार्टिन डी-२८, ब्राझिलियन रोजवूड की भारतीय?

तारवाला: लोकहो, घाईत आहे. मार्टिन कंपनीची एक जुनी डी-२८ गिटार बघून आलोय, विकणारे गृहस्थ पाठ-बाजूंचं लाकूड ब्राझिलियन रोजवूड म्हणून जवळजवळ दुप्पट सांगतायत आणि रविवारपर्यंत कळवायचंय. जाडी तार छेडली की पोटाशी घुमते हो! घेऊ का?

बारावा_फ्रेट: अहो पण सिरियल नंबर? साउंडहोलमधून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, आत बघा, नेकच्या (मानेच्या) बुडाशी ठोकळ्यावर असतो. आणि आहात कुठे?

तारवाला: न्यूजर्सी. सहा आकडी, २५४ ने सुरू.

बारावा_फ्रेट: म्हणजे १९६९, त्या वर्षीचा शेवटचा नंबर २५६००३. नेमकं अडचणीचं वर्ष. ब्राझीलचे ओंडके मिळेनासे झाले आणि मार्टिनने त्याच वर्षी डी-२८ ला भारतीय रोजवूड लावायला घेतलं, त्यामुळे नुसत्या नंबरावर ठरत नाही. आत टॉर्च मारून पाठ बघा, आतून पॉलिश नसतं. शाईने ओढल्यासारख्या काळ्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर ब्राझिलियन असू शकतं, भारतीय बहुतेक सरळ रेषांचं, जांभळट. पण सरळ रेषांचं ब्राझिलियनही असतं, तेव्हा जाणकाराला दाखवाच.

सुतारपक्षी: भारतीय म्हणजे आपलं शिसवच ना! आमच्याकडे पणजीचा शिसवी पलंग आहे, अजून एक फट नाही. त्याला कमी का लेखतात?

सप्तसूर: लाकडाच्या नावाला पैसे देऊ नका. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी पाठ-बाजूंचं लाकूड तेवढं वेगळं अशा सहा गिटारी, लाकूड दिसू न देता वाजवायला दिल्या, फरक ओळखता आला नाही.

बारावा_फ्रेट: सप्तसूर, विचारलंय किमतीचं, आवाजाचं नाही. विकताना बाजार लाकूडच विचारतो.

नवशिक्या: सुरुवातीला नायलॉन तारांची घ्या, बोटं दुखत नाहीत.

तारवाला: वीस वर्षं वाजवतोय हो. फोटोत रेषा सरळच वाटतायत, कडेला एक काळी वळलेली आहे. डिसेंबरात पुण्याला बाबांसाठी न्यायचीय.

बारावा_फ्रेट: हे आधी सांगायचं ना! ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे. २०१९ ला तयार वाद्यांना सवलत मिळाली ती बाकीच्या रोजवूडना, याला नाही. परवान्याशिवाय नेलीत तर विमानतळावर जप्त होऊ शकते.

तारवाला: बाप रे. मग शनिवारी दुरुस्तीवाल्याला घेऊनच जातो. भारतीय निघाली तर भारतीयच्या भावात मागतो आणि बाबांना नेतो.

बारावा_फ्रेट: जाताना मोजपट्टी न्या. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार फार उंच आणि सॅडल, म्हणजे खाली तारा टेकतात ती पट्टी, आधीच घासून बसलेलं असेल तर नेक रिसेटचा, म्हणजे नेक काढून नीट कोनात पुन्हा बसवायचा, खर्च किमतीतून वळता करा.