ड्रॅगनस्वारांची ठाणी: लौकिक, वैर आणि राजकारण (अनुभव धागा)

सोनचाफा

फासे टाकून टेबलावर खेळणाऱ्या गोव्यातल्या मंडळींसाठी हा धागा. ड्रॅगनस्वारांचा खेळ लावताना बहुतेक जण नकाशा आपलाच घेतात, नावं तेवढी फिरवतात. तिथवर ठीक. मग एक ठाणं शूर, दुसरं लबाड, तिसरं आळशी अशा पाट्या लागतात आणि चार बैठकांत त्या गळून पडतात, कारण लबाड ठाणं लबाड का झालं हे कुणी ठरवलेलंच नसतं. ज्यांनी ठाणी उभी केलीत, चालवलीत, त्यांनी लिहावं: लौकिक कशातून येतो, वैर कशावर टिकतं, कुठला नियम चालतो, कुठला मोडतो. आकड्यांसकट. कुणी कुणाला कसं हरवलं ते इथे नको.

पहिली भर माझी, नकाशाच्या मापाची. गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किमी, पूर्व-पश्चिम ६० च्या आसपास. ताशी ६० किमीने उडणारा ड्रॅगन घाटातून निघाला की तासाभरात समुद्रावर. म्हणजे 'दूरचा शत्रू' ही गोष्टच उरत नाही. अंतर ओझ्यातून आणावं. एकटा स्वार असेल तर पूर्ण पल्ला, मागे माणूस बसला तर अर्धा, पन्नास किलोच्या दोन गोणी लादल्या तर पाव. पल्ला संपला की पाणी आणि विसावा सक्तीचा. एवढं केलं की मधले सडे, ओसाड किल्ले, तळी यांना भाव येतो. आग्वादचा किल्ला गोड्या पाण्यावरच मोठा झाला, जहाजं तिथे पाणी भरायला थांबत. ड्रॅगनांचंही तसंच होतं.

काजूबोंड

ड्रॅगन गरम रक्ताचा की थंड, हे आधी लिहून ठेवा. राजकारण तिथेच ठरतं.

वाघ-सिंह सरासरी रोज वजनाच्या दोन-तीन टक्के मांस खातात. ड्रॅगन १,५०० किलोचा धरा, दोन टक्क्यांनी रोज ३० किलो. वीस ड्रॅगनांचं ठाणं म्हणजे रोज ६०० किलो. गावठी गुराचं वजन २५० किलो, त्यातलं १५० पोटात जातं असं मानलं तर रोज चार गुरं, वर्षाला १,४६०. एवढी गुरं कोण देतो? बदल्यात त्याला काय मिळतं? ज्या वर्षी द्यायचं नाकारतो त्या वर्षी काय होतं? ही तीन उत्तरं लिहिली की ठाण्याचा स्वभाव वेगळा लिहावा लागत नाही. आणि गुरं खाणारं ठाणं आपल्याकडच्या गावांत कसं बघितलं जाईल हे सांगायला नको. रानडुकरांवर भागवायचं म्हटलं तर जंगल आठ-दहा महिन्यांत रिकामं होतं, मग पुन्हा गोठ्याकडे.

मगरीसारखं थंड रक्त धरलं तर त्याच वजनाला साधारण दहावा हिस्सा पुरतो. वीस जणांना रोज ६० किलो, म्हणजे थोड्या पाट्या मासळी. असं ठाणं कुणाला जड होत नाही. पण ऊन अंगात मुरल्याशिवाय ते ड्रॅगन हलत नाहीत, आणि दरोडा नेमका पहाटे पडतो. 'आळशी ठाणं' हा लौकिक इथून येतो. स्वार बिचारे रात्रभर जागे असतात.

दर्यावर्दी

किनाऱ्यावरच्या ठाण्याला मासळी दिलीत तर पावसाळा विसरू नका. हल्ली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. खेळाचा काळ जुना असला तरी खवळलेला दर्या होडी बाहेर काढू देत नाहीच. रोज ६० किलोने ६१ दिवसांचे ३,६६० किलो, तेही ताज्या मापाने. सगळं आधी खारवून-सुकवून ठेवायचं, त्याला मीठ हवं, आणि मीठ पिकतं उन्हाळ्यात. आगरवाडा, हडफडे, नेरूल इथली मिठागरं नकाशावर आधी मांडा. मिठागरवाला ज्याच्या बाजूने त्याच्या हातात ठाण्याचे दोन महिने. मे महिन्यात अवकाळी सर आली की आगरातलं मीठ विरघळतं, त्यासाठी वर्षातून एकदा फासा टाकायचा: एक पडला तर साठा अर्धा.

दुसरं, परवान्याचं. पोर्तुगीजांचा कार्ताझ इथे फार उपयोगी पडतो. अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजाला तो घ्यावा लागे, त्यात माल आणि जायचं ठिकाण लिहिलेलं असे, वाटेत पोर्तुगीज बंदरात जकात भरायची अट असे, आणि कागद नसला तर जहाज मालासकट जप्त. किनारठाण्याला असाच आकाशपरवाना विकू द्या. कागदावर तीनच ओळी: माल, मार्ग, मुदत. तपासायचं तर स्वाराला खाली उतरावं लागतं, उतरणं म्हणजे पल्ला खर्च होणं, म्हणून प्रत्येक होडी तपासली जात नाही. खोटे परवाने याच फटीतून निघतात. सावकार अशा ठाण्याला रखवालदार म्हणतो, रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा कोळी, खंडणीखोर म्हणतो. खेळाडूंनी विचारलं तर दोघांचीही बाजू खरी धरून उत्तर द्या.

रानवारा

काजूबोंड, पोटाचं गणित मान्य. पण वर्षभर वैर एकाच तापमानावर राहत नाही, वारा ते फिरवतो.

ड्रॅगन वाऱ्याला तोंड करून उठतो. उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. किनारठाणं दुपारी सरळ पाण्यावर झेप घेतं. रात्री मात्र त्याला गावाच्या दिशेने उठावं लागतं, माडांच्या डोक्यांवरून, झावळ्यांची छपरं उडवत. 'रात्री उडणारे' ही शिवी त्यातून. घाटठाण्याचं वेगळं: कातळ तापला की सकाळी दहाच्या पुढे गरम हवा वर चढते, पंख न हलवता उंची मिळते, थकवा जवळजवळ शून्य. जूनपासून नैऋत्येचा वारा घाटाला आपटून वर चढतो. उचल भरपूर, पण दिसत काही नाही. सोसोगडासारखा हजार मीटरहून उंच माथा दिवसेंदिवस ढगात. म्हणजे पावसात घाटठाणं आंधळं आणि किनारठाणं उपाशी. तह जुलैत होतात, दसऱ्याला मोडतात.

सामानाचं थोडं. पावसात चामडी पट्ट्यांना बुरशी येते, दर आठवड्याला तेल नाही लावलं तर एक खूण करा. तीन खुणांना पट्टा तुटतो, आणि तो नेहमी बकलाच्या भोकापाशी तुटतो. घाटातल्या स्वारांना किनाऱ्यावरचे 'तेलकट' म्हणतात ते यामुळे.

खाजनवाला

ठाण्याचं नाव लढाईत कमी आणि उतरताना जास्त खराब होतं.

दीड टनाचा प्राणी पाय टेकतो तेव्हा पहिला धक्का वजनाच्या दुप्पट धरा. सड्यावर काही होत नाही, जांभा सोसतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, मात्र पंचाईत. बांध चिखल, पेंढा, बांबू आणि चिऱ्यांचा. त्यात मानस, म्हणजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार. ड्रॅगन बांधावर बसला की माथा खचतो. पुढच्या उधाणाला पाणी माथ्यावरून जातं, मागची बाजू धुपते, भगदाड पडतं. कोरगुट भात खारेपणा सोसतं खरं, पण रोज भरती आत-बाहेर करणाऱ्या शेतात तेही उभं राहत नाही. मानशीवर बसला तर आणखी वाईट: फळी मोडते आणि दार ना मिटतं ना उघडतं.

खेळात असं: बांधावर एक उतरण, एक तडा. तीन तडे झाले की येत्या अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बांध फुटतो. एक तडा बुजवायला दहा माणसं आणि एक ओहोटी, हाताशी चार-पाच तास. पाणी चढायला लागलं की काम सोडायचं, अर्धवट बुजवलेला तडा बुजला असं मोजायचं नाही. माणसं गावची. मजुरी ठाण्याने द्यायची की गावाने, हे आधीच कागदावर नसेल तर पुढचं सगळं राजकारण त्या एका मजुरीवर चालतं. चालू द्या.

गावाची नजर दाखवायची तर माणगे थापणीकडे बघा. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनातले शेतकरी चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांचे डोळे, काड्यांचे दात, आणि तिला पुजतात, बांध सांभाळ म्हणून. मगरीला तिथे कुणी हाकलत नाही. ज्या ठाण्याचा ड्रॅगन गावकरी असा मातीत घडवतात, त्या गावाला 'मित्र' किंवा 'शत्रू' या खणात बसवता येत नाही. तक्ता करताना तो खण कोराच ठेवावा.

कुळागर

बाहेरचं वैर बरंच झालं, आतलं कुणी घेत नाही. ठाण्यात निर्णय कोण करतो?

दोन नमुने आपल्याच मातीत तयार आहेत. एक गावकरीचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी मिळून जमीन सांभाळायचा. १५२६ च्या फोराल दे आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज सनदेत तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे हक्क नोंदवलेत, व्यवस्था त्याच्याही आधीची. मत माणसाचं नव्हे, वांगडाचं, म्हणजे कुळाचं. जमिनीचा लिलाव, खर्च वजा जाता उरेल त्याचा जोण, म्हणजे वाटा. कुंकळ्ळीची सोंत्रीं बघा: बारा वांगडांच्या बारा छत्र्या देवीबरोबर फातर्प्याला निघतात. ठाण्यातही ड्रॅगन कितीही असोत, छत्र्या बाराच. एका वांगडाने 'ना' म्हटलं की उड्डाण थांबलं. असं ठाणं मंद, कुरकुरं, पण फितूर होत नाही, कारण विकत घ्यायला एक माणूस पुरत नाही. दुसरा नमुना सत्तरीच्या राणे घराण्याचा, मोकाशाचा, म्हणजे इनाम मिळालेल्या जमीनदाराचा. घराणं ठरवतं, बाकीचे निघतात. पाच मिनिटांत वीस ड्रॅगन आकाशात, पण ठाणेदार गेला की वारसांत फूट.

बंडासाठी १८९५ घ्या. मोझांबिकला जायचा हुकूम आला, पणजीतल्या मराठा शिपायांनी तो नाकारला, नाणूसचा किल्ला गाठला, राणे त्यांना मिळाले. पगार, धर्म वगैरे मोठी कारणं रचत बसू नका, स्वारांना परक्या मुलखात तीन वर्षं नेमा. बंड आपोआप.

फासेबाज

सोनचाफाताई, पाव पल्ला टेबलावर कुणी मोजत नाही. पूर्ण आणि अर्धा एवढंच ठेवा.

लौकिकाचा एकच आकडा हा सगळ्यात जास्त मोडणारा नियम. ठाण्याला एक नव्हे, प्रत्येक गावाकडे वेगळा आकडा, उणे तीन ते अधिक तीन. वाटीत चिंचोके ठेवा, फोडून पांढरी बाजू वर ती भली, तपकिरी ती बुरी. एका गावाला तीनांहून जास्त चिंचोके नकोत, चौथा आला की सगळ्यात जुना बाहेर. गाव विसरतं ते असं.

बातमी ड्रॅगनच्या वेगाने जाऊ देऊ नका. ती बाजाराच्या दिवशीच पसरते. बारदेशात म्हापशाचा शुक्रवार धरा. त्या दिवशी दोन फासे टाका: १० ते १२ आलं तर बातमी जशीच्या तशी, ७ ते ९ ला कृत्य खरं पण ठाणं चुकीचं, ६ किंवा कमी आलं तर कृत्यच उलटं. ३६ पैकी ६ वेळाच खरं पोचतं. खेळाडू चिडतात, मग शुक्रवारी स्वतः बाजारात माणूस पाठवायला शिकतात. पाठवला तर फाशांत दोन मिळवा, त्याहून जास्त नको, नाहीतर राजकारणच उरत नाही.

वाळूघर

अंड्यांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं साधारण ५० दिवसांनी निघतात आणि नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: गार वाळूत नर, गरम वाळूत माद्या, मधली रेघ २९ अंशांच्या आसपास. ड्रॅगनांना हाच नियम लावा. घाटठाण्याला नरच नर, माद्या हव्यात तर किनाऱ्याची वाळू हवी. दर हंगामाला दहा अंडी खाली पाठवायची, त्यातली तीन वाळूचं भाडं म्हणून कायमची सोडायची. उरलेली सात परत येईपर्यंत घाटठाणं तोंड उघडत नाही.

फासेबाज

वाळूघर, खेळाडू घाटातच वाळू नेऊन जाळ करून तापवतात. त्याचं काय?

वाळूघर

करू द्या. जाळाने वरची वीतभर वाळू भाजते, अंडी हातभर खाली गारच राहतात. जाळ वाढवला तर वरचा थर ३५ च्या पुढे जातो आणि वरची अंडी मरतात. दहातली चार गेली, चार नर, दोन माद्या असं धरा. शिवाय दोन-तीन गोणी वाळू पुरत नाही, खड्ड्याभोवती दोन-दोन हात तरी वाळूच हवी, जांभ्यात ऊब टिकत नाही. गोण्या वाहायच्या तर पल्ला अर्धा. आणि किनाऱ्यावरून रात्री वाळू उचलताना रापणकारांनी बघितलं, तर शुक्रवार आहेच.