एआय आल्यापासून टीमला मी कळेनाशी झालेय. पुण्यातले बाकीचे लीड, मॅनेजर लोक काय करताय?

कोथरूडची_मॅनेजर

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका आयटी कंपनीत १३ वर्षं आहे, त्यातली शेवटची ५ मॅनेजर म्हणून, टीममध्ये १६ जण. गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांच्या लॅपटॉपवर एआय असिस्टंट दिला आणि खरं सांगते मला तो प्रचंड आवडला, कारण माझा अर्धा दिवस मेल, स्टेटस रिपोर्ट आणि मीटिंगचे मिनिट्स ह्यातच जायचा. आधी क्लायंटचे मेल त्याच्याकडून लिहून घ्यायला लागले, मग टीमचे, आणि मग मार्चमध्ये सोळाच्या सोळा जणांचे अप्रेझलचे फीडबॅक. दोन आठवड्यांचं काम दीड दिवसात संपलं.

मागच्या गुरुवारी वन ऑन वनला टीममधला एक मुलगा, सहा वर्षं माझ्याबरोबर काम करतोय, जरा चाचरतच म्हणाला, मॅडम एक बोलू का, आधी तुम्ही एका ओळीचा मेल टाकायचात, 'हे काय केलंयस, भेट', आणि मला लगेच कळायचं तुम्ही चिडलायत. आता चार परिच्छेद येतात, छान असतात, पण तुम्ही चिडलायत का खूश आहात का मुळात माझं काम उघडून बघितलंच नाहीये, काहीच कळत नाही.

घरी येऊन मी त्याचा फीडबॅक परत वाचला. त्यात ओनरशिप होतं, टीम स्पिरिट होतं, सगळं होतं. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा हा नगरला घरी होता आणि फोनच्या हॉटस्पॉटवर पहाटे चारपर्यंत बसून त्याने ते उभं केलं होतं, ते त्यात नव्हतं. असणार कुठून, मी टूलला सांगितलंच नव्हतं, कारण लिहायला बसले असते तर मला आठवलं असतं आणि मी लिहायला बसलेच नाही.

आता खरा प्रश्न. पुढच्या आठवड्यात मला दोन जणांना वाईट बातमी सांगायचीये, एकाला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर पाठवतायत, म्हणजे नवं काम मिळेपर्यंत प्रोजेक्टशिवाय, आणि एकीला पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखव, नाहीतर नोकरीवर गदा. एचआरने स्क्रिप्ट दिलीये, टूलने त्याची सहानुभूतीवाली आवृत्ती करून दिलीये, आणि ती मला स्वतःला जमली असती त्यापेक्षा चांगली आहे. तरी ती वाचून दाखवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तुम्ही लोक ह्या गोष्टी कुठपर्यंत त्याच्यावर सोडता?

---

नाव_नको

ताई, मी त्या खुर्चीत बसलोय, २०२४ मध्ये. माझा लीड त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर होता तरी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बोलताना त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे, परत डावीकडून उजवीकडे फिरत होते. मी एकच विचारलं, माझं नेमकं कुठलं काम कमी पडलं ते सांग, म्हणजे मला कळेल तरी. तो थांबला, स्क्रीनवर काहीतरी शोधलं आणि मगाचंच वाक्य परत म्हणाला.

दुसरी नोकरी तीन महिन्यांत मिळाली, मगरपट्ट्यात, आधीपेक्षा बरी आहे. पण तो अर्धा मिनिट अजून आठवतो. तुम्ही वाचून दाखवू नका बस एवढंच. अडखळलात, डोळ्यात पाणी आलं तरी चालेल. आणि तो 'नेमकं काय कमी पडलं' हा प्रश्न येणारच आहे, त्याचं उत्तर तुमचं तुम्हाला माहीत असू दे.

---

भोसरी_वर्कशॉप

मॅडम, मी आयटीवाला नाही, भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, २२ माणसं, चाकणला जाणारे पार्ट बनवतो. पण तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे गेजचं, म्हणजे पार्टचं माप घेणाऱ्या उपकरणाचं, रीडिंग थेट कॉम्प्युटरला जातं आणि त्याच्यावर माझ्या मुलाने एआयवालं सॉफ्टवेअर बसवलंय, रोज सकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो, कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, कुठला ऑपरेटर. जानेवारीत नाईटच्या एका ऑपरेटरचं नाव रोज लाल. जॉब, म्हणजे मशीनवर बनणारे पार्ट, साईजच्या बाहेर जात होते. सुपरवायझर म्हणाला साहेब ह्याला काढू, मुलगा म्हणाला डेटा क्लिअर आहे. माणूस अकरा वर्षं जुना. मी म्हटलं थांबा, आणि रात्री दोन वाजता स्वेटर घालून स्वतः जाऊन उभा राहिलो.

झालेलं असं की रात्री जेवणाच्या सुट्टीत मशीन अर्धा पाऊण तास बंद, शेडमध्ये थंडी, स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, गार पडायचा. गार स्पिंडल परत चालू केला की तापेपर्यंत साईज सरकत राहते, हे ज्याने मशीन चालवलंय त्याला सांगावं लागत नाही. आधी वॉर्म-अप द्यायचा नियम होता. मी त्याला विचारलं का देत नाहीस, तर म्हणाला साहेब, दहा मिनिटं वॉर्म-अप दिला की प्रॉडक्शन कमी दिसतं आणि तेही रिपोर्टमध्ये लालच येतं, सुपरवायझर बोलतो. दोन वेळा सांगितलं त्याला, लिहूनपण दिलं.

म्हणजे बिचारा कसाही वागला तरी लालच. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता हो, जॉब खरंच खराब होत होते. पण कुणाच्या हातून होतायत तेवढंच त्याने सांगितलं, आणि आम्ही तिघं शहाणे तेवढ्यावर एका माणसाचं घर उठवायला निघालो होतो. वॉर्म-अपची दहा मिनिटं आता टार्गेटमधून वजा करतो. त्या माणसाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याला फार अवघडल्यासारखं झालं, मलाही झालं, पण मागायलाच हवी होती.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीला लिहिलेलं पत्र आहे बघा, १६७० च्या दशकातलं. मला त्यातलं गवताच्या गंजींचं जास्त लक्षात राहिलंय. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतकं बारीक त्यात लिहिलंय. एवढा मोठा राजा, आणि छावणीत रात्री उंदीर काय करतो हे त्याच्या डोक्यात होतं. तुमच्या त्या पीआयपीवाल्या मुलीचं मागच्या सहा महिन्यांत काय झालंय ते तुम्ही स्वतः जाऊन बघितलंय का? रागावू नका, मुलीसारख्या आहात म्हणून विचारतोय.

---

अंबाजोगाई_ते_खराडी

मला इथे थोडं वेगळं मांडायचंय, कारण असल्या चर्चेत शेवटी 'एआय वापरणारा म्हणजे कोरडा माणूस' असं होऊन बसतं आणि ते माझ्यासारख्यावर अन्याय आहे.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पुण्यात इंजिनिअरिंग. काम यायचं पण इंग्लिश मेल म्हटलं की घाम फुटायचा. एका मेलला पाऊण तास, तोही कुणीतरी कॉन्व्हेंटवाला मित्र तपासून देणार तेव्हा. दोन वेळा लीडची संधी आली आणि मी मागे सरलो, फक्त ह्या भीतीने. आज ९ जणांची टीम सांभाळतो आणि त्यात ह्या टूलचा मोठा वाटा आहे हे मी उघड सांगतो, टीमलाही सांगितलंय. माझा आधीचा मॅनेजर प्रत्येक शब्द स्वतः लिहायचा, सुंदर इंग्लिश, आणि चारचौघात माणसाला पार मातीत घालायचा.

मी करतो काय, तर आधी मराठीत, माझ्या बीडकडच्या भाषेत, जे म्हणायचंय ते बोलून घेतो. कुणी काय केलं, कधी केलं, मला काय वाटलं. मग त्याला म्हणतो ह्याचं इंग्लिश कर, ह्यात भर घालू नकोस, गोड करू नकोस. व्याकरण त्याचं, म्हणणं माझं. ताई, मला वाटतं तुमचं चुकलं ते त्या मुलाची लक्ष्मीपूजनाची रात्र न आठवण्यात. टूल नसतं आणि घाईत तुम्हीच चार ओळी खरडल्या असत्या तरी ती रात्र राहूनच गेली असती.

पण हो, वाईट बातमी मीसुद्धा तोंडानेच सांगतो, आणि समोरचा मराठी असेल तर मराठीतच. पगारवाढ नाही हे इंग्लिशमध्ये सांगितलं की ते कंपनीने सांगितल्यासारखं वाटतं, मराठीत सांगितलं की मी सांगितल्यासारखं.

---

भोसरी_वर्कशॉप

@अंबाजोगाई_ते_खराडी शंभर टक्के बरोबर बोललात. माझा मुलगाही कस्टमरला मेल त्याच्याकडूनच लिहून घेतो, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

---

बाणेर_एमएल

मी ह्याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं आतलं सांगतो. ही मॉडेल्स पुढचा शब्द कुठला येईल ह्याचा अंदाज बांधत लिहितात, आणि नंतर माणसांकडून उत्तरांना पसंती घेऊन त्यांना वळण लावलं जातं. माणसाला आपली री ओढणारं उत्तर आवडतं, त्यामुळे मॉडेल तिकडे झुकतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ मॉडेलचं एक अपडेट ह्याच कारणाने मागे घेतलं, ते फारच हांजी हांजी करायला लागलं होतं. त्यामुळे लीडने त्याला 'माझा निर्णय बरोबर आहे ना' हे विचारणं धोक्याचं, हो म्हणणारी माणसं आपल्याभोवती आधीच कमी नसतात. मी उलट विचारतो, ह्या निर्णयाच्या विरोधात तो माणूस माझ्यासमोर बसून काय काय बोलेल ते लिही. त्यातून दोनदा तरी माझी चूक मला आधीच सापडलीये.

आपण ह्याच्यात गुंततो त्यात नवीन काही नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला, तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तो कसा बनतोय हे महिनोन्महिने बघणारी त्याची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळात साहेबांनाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. वायझेनबॉमला त्याचा धक्का बसला आणि पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला की काही निर्णय कॉम्प्युटरकडे देता येत असले तरी देऊ नयेत.

आणि तुमच्या स्क्रिप्टशी थेट जुळणारं उदाहरण, फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, त्यावर वँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या पीबॉडी कॉलेजच्या एका ऑफिसने विद्यार्थ्यांना धीराचा मेल पाठवला. खाली बारीक अक्षरात, चॅटजीपीटीवरून घेतलंय. एकमेकांची काळजी घेऊया असं सगळं नीट लिहिलेलं होतं, पण पोरं इतकी दुखावली की ऑफिसला माफी मागावी लागली.

एक कामाचं राहिलं. टीममधल्या कुणाचं आजारपण, घटस्फोट, घरची अडचण हे टूलच्या चौकटीत नावासकट पेस्ट करू नका. त्या माणसाने ते तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं असतं, टूलला नाही. आमच्याकडे मीटिंगमध्ये लोकांचे चेहरे वाचून मूड सांगणारं काहीतरी घ्यायचं चाललं होतं, तेव्हा युरोपच्या क्लायंटमुळे वाचलो, कारण कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारं एआय युरोपियन युनियनने २ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केलंय, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. कायदा नसता तरी मी विरोध केला असता. कुणाचा चेहरा उतरलाय हे बघायला लीडने मान वर करावी.

---

कोथरूडची_मॅनेजर

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका, रागावले नाही, उलट तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

पीआयपीचं सांगायचं तर मी शनिवारी बसून तिचं सहा महिन्यांचं काम स्वतः उघडून बघितलं, डॅशबोर्ड नाही, खरं काम. फेब्रुवारीपर्यंत ती व्यवस्थित होती. मार्चमध्ये तिला जे मॉड्यूल दिलं ते आधी दोन सीनियर मिळून बघायचे आणि ते दोघं गेल्यावर आम्ही ते एकटीच्या गळ्यात टाकलं. आम्ही म्हणजे मीच, मेलवर माझं नाव आहे. सोमवारी एचआरशी बोलले, पीआयपी रद्द होईल का माहीत नाही, सध्या तीन आठवडे थांबवलाय आणि सोबत एक माणूस दिलाय. चुका तिच्याही आहेत, त्या मी तिला समोर बसवून सांगितल्या, आणि मॉड्यूलचं माझं चुकलं तेही सांगितलं.

बेंचवाला निर्णय मात्र बदलत नाहीये, क्लायंटने जागाच कमी केली. त्याला काल सांगितलं. मीटिंग रूममध्ये बसवेना, म्हणून खाली टपरीवर घेऊन गेले. स्क्रिप्टमधलं एक वाक्य तोंडात आलं आणि मी मध्येच थांबले. तो चिडला, म्हणाला सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या प्रोजेक्टची ऑफर होती तेव्हा तुम्हीच थांब म्हणालात. खरं होतं. मी हो म्हणाले, तेव्हा मला हे दिसलं नव्हतं. मग आम्ही बराच वेळ नुसतेच उभे होतो, चहा गार झाला. आज सकाळी त्याने रेझ्युमे पाठवलाय, दोन ठिकाणी माझ्या ओळखीत फोन करणारे.

@अंबाजोगाई_ते_खराडी तुमचं पटलं. क्लायंटचे मेल आणि मिनिट्स त्याच्याकडेच ठेवतेय. अप्रेझलचे १६ फीडबॅक परत लिहायला घेतलेत, रोज दोन, रात्री जेवण झाल्यावर, आधी वहीत मराठीत. नगरवाल्या मुलाचा पहिला लिहिला. काल त्याच्या कोडमध्ये एक गाढवपणा सापडला म्हणून त्याला मेलपण टाकला, 'हे काय केलंयस, भेट'. दोन मिनिटांत डेस्कपाशी हजर, आणि हसत होता.