रणगाड्यात बसून प्रेम जमवायचं का?

भिंगारकर

गेली दोन वर्षं एक पटकथा लिहितेय. विनोदी प्रेमकथा आहे आणि ती घडते जुन्या रणगाड्यांच्या स्पर्धेत. ही स्पर्धा मी कल्पनेनंच रचली आहे. नगरजवळचा माळ, फक्त १९७० च्या आधीचे रणगाडे, तोफेत गोळ्याऐवजी चुन्याची पुडी आणि तीन फेऱ्या. पहिली चढ-खड्ड्यांची, दुसरी एकमेकांवर नेमबाजीची. तिसरीत उभ्या गाडीच्या चाकांवरचा पोलादी पट्टा उतरवून ठेवतात आणि चमूनं तो घड्याळ लावून पुन्हा चढवायचा.

नायिका वासंती 'शर्मन' हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी रणगाडा चालवते. तिच्या आजोबांच्या वर्कशॉपात भंगारातून उभी केलेली गाडी. नायक जयेश समोरच्या 'सेंच्युरियन' या ब्रिटिश रणगाड्याच्या चमूतला. शर्मनच्या एका प्रकारात क्रायस्लरनं मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून एक इंजिन केलं होतं, एकूण ३० सिलिंडर. ती पाच एका लयीत आणायची म्हणजे कानाचं काम. वासंती स्क्रू फिरवते, जयेश डोळे मिटून कान लावतो आणि सांगतो, "तिसरं मागे पडतंय." त्यांचं जमतं ते या एका प्रसंगात. गाणं नाही, पाऊस नाही.

कल्पना सुचली २०१७ च्या ऑगस्टमध्ये. मॉस्कोजवळ अलाबिनोला २०१३ पासून रणगाड्यांची बायथलॉन भरायची. गाडी पळवायची, नेम धरायचा, नेम चुकला तर दंडाची जादा फेरी. त्या वर्षी आपल्या लष्कराचे दोन्ही टी-९० रणगाडे, मुख्य आणि राखीव, बंद पडले आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. बातमी वाचून आमच्या घरात सगळे चिडले होते. मला मात्र ती पोरं दिसत होती, तेलानं माखलेले हात घेऊन उघड्या इंजिनाकडे बघत उभी असलेली. तिथून गोष्ट सुरू झाली.

मी नगरची. १९९४ साली इथे रणगाड्यांचं संग्रहालय झालं. उन्हाळ्याच्या सुटीत पाहुणे आले की भुईकोट किल्ला आणि हे संग्रहालय ठरलेलं. मे महिन्यात त्या पोलादाला तळहात लावून कोण जास्त वेळ टिकतो, अशी आमची भावंडांची पैज लागायची. म्हणजे माझ्यासाठी रणगाडा आधी खेळ होता आणि युद्ध नंतर कळलं.

एका मैत्रिणीनं मसुदा वाचून परत केला. ज्यात माणसं होरपळून मेली त्या यंत्रावर तिला हसू येत नाही म्हणाली. मला वाटतं हसता येतं, आणि हसावं. तुमचं मत मोकळेपणानं सांगा.

तिसरी घंटा

मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूची. प्रेम आणि रणगाडा यांची खरी गोष्ट घडून गेलेली आहे, तीच सांगते.

मारिया ओक्त्याब्रस्काया, सोव्हिएत युनियनमधली. नवरा १९४१ मध्ये लढाईत गेला. तिनं घरातलं होतं नव्हतं ते विकलं, ५० हजार रूबल उभे केले आणि सरकारला कळवलं की या पैशांतून टी-३४ रणगाडा बांधा आणि तो मला चालवायला द्या. दिला. गाडीच्या अंगावर तिनं नाव रंगवलं, त्याचा अर्थ साधारण 'लढाऊ सखी'. जानेवारी १९४४ मध्ये विटेब्स्कच्या बाजूला गाडीचा पट्टा तुटला. ती दुरुस्तीला बाहेर उतरली, जवळच स्फोट झाला, तुकडा डोक्यात गेला. दोन महिन्यांनी, १५ मार्चला गेली.

तुमच्या तिसऱ्या फेरीत लोक टाळ्या वाजवत जे काम बघणार आहेत, तेच काम करताना ती मेली. मी नाटकात काम करते, विनोदाचं मला वावडं नाही. पण रंगमंचावर एखादी वस्तू आणली की तिचा इतिहासही सोबत येतो, तो विंगेत थांबत नाही.

योकोहामाकर

घंटाताई, मारियाची गोष्ट माहीत नव्हती, वाचून गलबलून आलं. पण दुसरी बाजूही बघा.

इथे जपानमध्ये इबाराकी प्रांतात ओआराई नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. २०११ च्या त्सुनामीत पाणी गावात शिरलं, आणि नंतर पर्यटक येईनात. २०१२ च्या ऑक्टोबरात 'गर्ल्स उंड पान्झर' ही अॅनिमे मालिका आली. शाळकरी मुली दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे घेऊन सामने खेळतात, इकेबाना किंवा चहाचा विधी शिकावा तशी ती मुलींची परंपरागत कला मानलेली. आणि त्यांची शाळा याच ओआराईची. मालिकेत गोळे उडतात, गाड्या उलटतात, पण कुणी मरत नाही. बघणारे गावात येऊ लागले. मी दोनदा गेलोय. मासळीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत दुकानांबाहेर मालिकेतल्या एकेका मुलीचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा. संध्याकाळी दुकान बंद करताना एक आजी पुतळ्याला आत घेत होती, नातीला हाताला धरून न्यावं तशी. दाराशी त्याचा तळ पायपुसण्यावर पुसून घेतला, मग आत.

तिला कुणी जाऊन सांगावं का, की हे युद्धाचं यंत्र आहे, यावर प्रेम करू नका?

तिसरी घंटा

त्या आजींना मी काहीच सांगणार नाही. पण त्या मालिकेतल्या जगात रणगाडा खेळासाठीच असतो. भिंगारकर यांच्या पटकथेत शर्मन १९६५ ला लढून आलेला आहे, सेंच्युरियन १९७१ ला. गाडी खरी, लढाई खरी आणि फक्त चुना खोटा, हे मला जड जातं.

आणि ज्या अलाबिनोपासून ही कल्पना निघाली त्याचं पुढे काय झालं तेही बघा. तिथे बहुतेक संघ बायथलॉन टी-७२ वर खेळायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे स्पर्धा भरली. त्याच महिन्यात कीव शहराच्या मुख्य रस्त्यावर जळून गंजलेले रशियन रणगाडे ओळीनं मांडले होते आणि लहान मुलं त्यांवर चढत होती. खेळ आणि युद्ध एकाच महिन्यात चालू होतं. खेळानं युद्ध मवाळ झालं नाही. उलट लोकांना त्या गाडीची सवय झाली, असं मला वाटतं.

राजारामपुरी

मग आमचे मर्दानी खेळ बंद करायचे का? दांडपट्टा काय भाजी चिरायला केला होता? पोलो, भालाफेक, घोड्यावरून खुंटी उपटणं, सगळं सैनिकांच्या सरावातूनच आलंय. हत्यार जुनं झालं की त्याचा खेळ होतो. कोल्हापुरात सहा वर्षांची पोरगी लाठी फिरवते तेव्हा कुणाला रक्त आठवत नाही, तिची चपळाई दिसते.

निवृत्त दफेदार

मी विजयंता रणगाड्यावर ड्रायव्हर होतो, पुढे टी-७२ वर गेलो. नगरलाच ट्रेनिंग झालं. राजारामपुरी, तुमचं बरोबर आहे, पण लाठी हातात मावते. गाडीत आपण मावतो, हा फरक आहे.

भिंगारकर, तुमची तिसरी फेरी मला फार आवडली, कारण खरी परीक्षा तीच. पण ती नीट लिहा. पट्टा जमिनीवर सरळ पसरायचा. गाडी हळूहळू त्याच्यावर आणायची. आमच्या गाड्यांत मागचं टोक दातेरी चाकावर घ्यायचं, वरून पुढे ओढायचं (शर्मनला ते चाक पुढे असतं, तिथे उलट), आणि दोन टोकं समोरासमोर आली की पिन ठोकायची. तोंडानं सांगायला एवढंच आहे. वाळूत पसरलेला पट्टा सरळ राहत नाही. पहार सटकते. दोन टोकांत बोटभर अंतर उरतं आणि तेवढं बोटभर अंतर अर्धा तास खातं. ड्रायव्हरला आतून काही दिसत नाही, बाहेरच्याच्या हातवाऱ्याशिवाय ब्रेकवरचा पाय तसूभरही हलू द्यायचा नसतो. कारण समोर आपल्याच माणसाची बोटं असतात.

तुमच्या प्रेमकथेला यापेक्षा मोठा प्रसंग सापडणार नाही. इंजिनाचा कान ठीक आहे, पण विश्वास इथे कळतो.

आणि हसणं म्हणाल तर आम्ही हसायचो. आमचा गनर हरियाणाचा होता. पिन बसली की नारळ फोडल्यासारखा गाडीपुढे हात जोडायचा, मग सगळे चहाला. जे आत बसतात ते हसतात. न हसता त्या डब्यात मे महिन्यात कुणी दिवस काढून दाखवावा.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. जयेशची गाडी सेंच्युरियन आहे. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. गाडीला आग लागलेली, गाडी सोडा असं वायरलेसवर सांगितलेलं, पण तोफ चालत होती म्हणून त्यांनी गाडी सोडली नाही. ती गाडी सेंच्युरियन होती. त्याच पलटणीचे कर्नल तारापोर १९६५ ला गेले, तेही सेंच्युरियनमधून लढताना. दोघांनाही परमवीर चक्र. सेंच्युरियन पळू दे, चिखलात रुतू दे, तिच्यावर हसा. पण तिच्या अंगावर चुन्याचा गोळा फुटतोय आणि लोक ओरडतायत, हे मला बघवणार नाही. निशाणं लाकडी ठेवा.

कोरडवाहू

सगळे गाडीत बसलेल्यांबद्दल बोलताय. मी माळाबद्दल बोलतो.

आमचं रान सरावाच्या मैदानापासून लांब नाही. सराव असला की भांड्यांची मांडणी वाजते. गाईला कळतं, ती दावं ओढते. आमच्या भागात लहान पोराला पहिली शिकवण ही, की रानात धातूचं काही दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं. पितळ किलोवर विकलं जातं, म्हणून लोक उचलतात. आणि उचलताना माणसं गेलीत. माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. दहावीत होतो आम्ही. त्याची वही माझ्याकडे राहिली होती, भूमितीची.

तुमच्या पटकथेत माळ मोकळा आहे. नगरचा कुठलाही माळ मोकळा नसतो. तिथे मेंढरं असतात, तूर असते, कुणाचा तरी सातबारा असतो. ट्रॅक्टर गेला तरी रान दाबलं जातं. तीस टनांचा शर्मन आणि पन्नास टनांचा सेंच्युरियन गेल्यावर त्या मातीचं काय होणार, हे वासंती एकदा तरी विचारते का? नसेल विचारत तर ती नगरची नाही.

माझा विरोध हसण्याला नाही. आमच्याशिवाय हसताय, त्याला आहे.

भिंगारकर

कालपासून तीनदा वाचलं हे सगळं.

दफेदारकाका, निशाणं लाकडी केली. एकमेकांवर मारा असा प्रसंग आता पटकथेत नाही. आणि पट्ट्याची फेरी तुम्ही सांगितली तशी पुन्हा लिहितेय. वासंती आत ब्रेकवर, बाहेर तिच्या चमूतला एक जण जखमी झाल्यामुळे जयेश नियम मोडून तिच्या गाडीपुढे उभा राहतो. त्याचा हात दोन टोकांच्या मध्ये. पिन नेमकी कुठल्या बाजूनं ठोकतात ते मला हवंय, माझ्याकडे आत्ता आतल्या बाजूनं आहे.

घंटाताई, तुमचं म्हणणं मी अजून मान्य करत नाही. मारियानं गाडीला सखी म्हटलं. भर युद्धात, नवरा गेल्यावर, तिनं पोलादाला प्रेमाचं नाव दिलं. तिला त्या यंत्रात नुसतं मरण दिसत असतं तर तिनं ते नाव रंगवलं नसतं. तुम्ही मला थांबवायला ही गोष्ट सांगितलीत. मी ती वासंतीच्या आजोबांच्या तोंडी घालतेय, पूर्ण, शेवटासकट. थिएटरात त्या जागी कुणी हसणार नाही आणि मला ते चालेल.

कोरडवाहू, तुमच्या मित्राबद्दल वाचून काय लिहावं सुचत नाही. माळाचा मालक माझ्या गोष्टीत नव्हता. ही माझीच चूक, कारण मी भिंगारच्या घरातून माळ बघत आले, लांबून. आता तो आहे. स्पर्धेला जमीन द्यायची की नाही हे तो ठरवणार. त्यानं आयोजकांसमोर काय अटी घालाव्यात हे तुम्ही सांगा.

तिसरी घंटा

आजोबांचा प्रसंग लिहून झाला की मला पाठवा. सिनेमा मी तरीही बघेन असं नाही, पण तो प्रसंग मोठ्यानं वाचून बघायचा आहे.

निवृत्त दफेदार

आमच्या गाड्यांत बाहेरच्या बाजूनं ठोकायचो. आतल्या बाजूला गाडीचं अंग असतं, घण फिरवायला जागा कुठे राहते?

कोरडवाहू

अटी लिहून घ्या. ज्वारी निघाल्यावरच, म्हणजे फेब्रुवारी सरल्यावर. भाडं आगाऊ. जायचा-यायचा रस्ता आधी आखलेला, बांध फोडायचा नाही. विहिरीपासून गाडी लांब. आणि स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या चमूंनी माळावर रांगेनं चालत जाऊन पडलेला एकूण एक खिळा, नट, पिन वेचायची. हा प्रसंग दाखवा. त्यात त्या दोघांना शेजारी शेजारी चालू दे.